सारख्याच चुका

मुधोळकडील मुलांसाठी मी काही वर्षे सायंकाळचा अभ्यासवर्ग चालवीत असे. एकदा चाचणीत विचारले, मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातून आदिलाबाद जिल्ह्यात कोणत्या साली गेला? उत्तर १९५६. (२०१६ पासून तो निर्मल जिल्ह्यात मोडतो, ते निराळे.) दोघा मुलांनी मात्र १९६० लिहिले, आणि दोघे बसले होते एकाच बाकावर!

माझा संशय अगदीच निराधार नव्हता. बरोबर उत्तरे सर्वांची जुळतातच, कारण पुस्तक एकच असते; चुका ज्याच्या त्याच्या. म्हणून नक्कल शोधणारा परीक्षक जुळणाऱ्या चुकांकडे पाहतो. बुद्धिबळात नेमके उलट. तेथे खेळाडू चुकत नाही, हेच संशयाचे कारण ठरते. अमेरिकेतील प्राध्यापक केनेथ रीगन खेळाडूच्या चाली संगणकाच्या चालींशी ताडून पाहतात आणि त्याच्या योग्यतेच्या मानाने त्या किती जुळाव्यात, याचे गणित मांडतात. पण गणित सांगते ते संशय किती बळकट एवढेच. इगोर्स राउसिस या ग्रँडमास्टरविषयी अशी कुजबुज आधीपासून होती. तो सापडला तो २०१९ साली, फ्रान्समधील स्पर्धेत, शौचकूपात मोबाईल मिळाला तेव्हा. पलीकडे नांदेडात २०१० साली जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त अभियान चालविले. तेथे भर होता तो परीक्षा चालू असतानाच्या पहाऱ्यावर.

माझ्याजवळ पहाराही नव्हता आणि पुरावाही. होता तो एक आकडा. तेवढ्यावर मी दोघांना सर्वांदेखत शून्य दिले. थोरला काही बोलला नाही. धाकटा म्हणाला, "फादर, आपणच सांगितलं होतं." उद्धट म्हणून मी त्याला खाली बसविले.

रात्री झोप येईना, तेव्हा हजेरीची वही काढली. कापूस वेचणीचे दिवस. तो धडा झाला त्या सायंकाळी वर्गात दोनच मुले होती, हीच दोघे! इतरांनी तो मागाहून छापील टिपणावरून उतरवून घेतला होता. सकाळी धाकट्याची वही मागितली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे साल सांगता सांगता माझी जीभ घसरली असावी. मुधोळपुढे त्याच्या टपोऱ्या अक्षरात १९६० होते.

मी सर्वांदेखतच क्षमा मागितली आणि दोघांना गुण दिले. धाकटा वर्गाला येत राहिला. थोरला आला नाही. दोनदा त्याच्या घरी गेलो. दोन्ही वेळा आई दारातूनच म्हणाली, "वेचणीला गेलाय, फादर."