चार दिवसांचा बर्फ

सुट्टी लहान असली की निवड अवघड होते. महिनाभराच्या प्रवासात एखादे ठिकाण मनासारखे निघाले नाही, तर पुढचे गाव ते उणेपण भरून काढते. चार दिवसांच्या सुट्टीला तेवढी उसंत नसते. एक दिवस वाटेत गेला, एक पावसात गेला, की उरतात दोन. आणि वर्षभराच्या अपेक्षांचे सारे ओझे त्या दोन दिवसांवर येऊन पडते.

जर्मनीतील म्यूनिक शहरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबापुढे असाच प्रश्न उभा होता. घरात माणसे चार. मुलगा एका कारखान्यात अभियंता, सून अर्धवेळ नोकरी करणारी, नातू नऊ वर्षांचा. आणि वाईहून आलेल्या आजी. आजींच्या परवान्याची मुदत नव्वद दिवसांची होती आणि त्यांतले निम्म्याहून अधिक दिवस सरले होते. फेब्रुवारीत बव्हेरियातील शाळांना आठवडाभराची सुट्टी मिळते. त्या आठवड्यातले चार दिवस मुलाने कामातून मोकळे करून घेतले होते. आल्प्सच्या पर्वतराजीत कुठेतरी जायचे, बर्फ पाहायचा, नातवाने स्की शिकायची, एवढे ठरले होते. कुठे जायचे, हे मात्र ठरत नव्हते.

आजींनी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की त्या ती वर्गात वाचून दाखवीत. बर्फ म्हणजे काय हे समजावून सांगताना, आपण तो डोंगरावर पडलेला कधी पाहिलेला नाही, हेही त्या मुलांना प्रामाणिकपणे सांगत. म्यूनिकच्या रस्त्यांवरचा बर्फ त्यांनी आता पाहिला होता. पण तो दुपारपर्यंत पायांखाली मळून जाई. "हा शाळेत सांगितलेला बर्फ नव्हे," असे त्या म्हणत.

आल्प्स हा काही एखादा डोंगर नव्हे. सुमारे १,२०० किलोमीटर लांबीची ही पर्वतरांग फ्रान्स, मोनॅको, इटली, स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया अशा आठ देशांत पसरलेली आहे. तिच्या खोऱ्याखोऱ्यांत स्कीसाठी नावाजलेली गावे आहेत आणि प्रत्येक गावाला आपला इतिहास आहे. फ्रान्समधील शामोनी येथे १९२४ साली हिवाळी ऑलिंपिकची पहिली स्पर्धा भरली. स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झने तो मान १९२८ आणि १९४८ असा दोनदा मिळवला. ऑस्ट्रियातील सांक्ट आंटोन गावी हानेस श्नायडर यांनी १९२१ साली स्कीची शाळा उघडली आणि त्यांची शिकवण्याची पद्धत पुढे जगभर गेली. जिथे एकेकाळी हिवाळा म्हणजे गुरे गोठ्यात आणि माणसे चुलीपाशी, तिथेच हिवाळा हा कमाईचा हंगाम झाला.

मुलाच्या मनात मात्र एकच नाव होते : झेरमाट. मॅटरहॉर्न या ४,४७८ मीटर उंचीच्या शिखराच्या पायथ्याशी हे स्विस गाव आहे. गावात पेट्रोलच्या मोटारींना प्रवेश नाही. प्रवासी आपली मोटार अलीकडच्या टेश गावी ठेवतात आणि रेल्वेने वर जातात. तिथला पाळणा ३,८८३ मीटर उंचीपर्यंत चढतो आणि हिमनदीवर उन्हाळ्यातही स्की करता येते. मुलगा हे सारे सांगे. पण झेरमाटविषयीची त्याची खरी ओढ यांतल्या कशातच नव्हती. वाईच्या घरी माजघराच्या भिंतीवर एक जुनी दिनदर्शिका टांगलेली असे. तिच्यावर त्या वाकड्या चोचीसारख्या शिखराचे रंगीत चित्र होते. वर्ष संपले तरी आईने ती दिनदर्शिका काढली नव्हती. त्या चित्राकडे पाहत त्याने पाढे पाठ केले होते, तापाने अंथरुणावर पडून राहिला होता. आईला एकदा त्या शिखरासमोर उभे करावे, असे त्याने परदेशी आल्यापासून मनाशी ठरवले होते. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. तो फक्त उंची आणि बर्फ यांविषयी बोले.

उंचीचा मुद्दा खोटा नव्हता. डोंगर चढताना दर शंभर मीटरला तापमान सरासरी अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. म्हणूनच पायथ्याशी पाऊस पडत असताना माथ्यावर बर्फ पडतो. आल्प्सचे तापमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे दोन अंशांनी वाढले आहे. म्हणजे जगाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे सखल गावांचा बर्फ बेभरवशाचा झाला आहे. २०२३ च्या नववर्षात कित्येक ठिकाणी उतारांवर हिरवे गवत दिसत होते आणि मधून यंत्राने केलेल्या बर्फाचा पांढरा पट्टा तेवढा गेला होता. यंत्रेही थंडीवाचून चालत नाहीत. हवा शून्याखाली दोन-तीन अंश गेल्याशिवाय पाण्याचे तुषार नीट गोठत नाहीत. बर्फाने दगा देण्याची गोष्ट अगदी आजची मात्र नव्हे. १९६४ साली इन्सब्रुकला ऑलिंपिक भरले, तेव्हा बर्फच नव्हता. ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरांवरून बर्फ वाहून आणला आणि उतारांवर पसरला.

"उंचावर गेलो तर बर्फ नक्की मिळेल," हे मुलाचे म्हणणे सुनेने नाकारले नाही. तिने कागद पुढे ओढला आणि मध्ये रेघ मारून हिशेब मांडला.

पहिला हिशेब वेळेचा. म्यूनिकहून झेरमाटला रेल्वेने जायचे तर सात-आठ तास, तेही गाड्या बदलत. जाणे-येणे मिळून चारांपैकी दोन दिवस गाडीत जाणार. दुसरा हिशेब पैशांचा. स्वित्झर्लंडची महागाई, त्यात सुट्टीचा आठवडा. खोलीचे भाडे, पाळण्यांचा पास, भाड्याच्या स्की, बूट, शिरस्त्राण, शिक्षकाचे शुल्क आणि विमा, असे एकेक कलम तिने लिहिले. डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणण्याची वेळ आली तर त्याचा खर्च मोठा असतो. म्हणून विम्याचे कलम तिने खोडू दिले नाही. तिसरा हिशेब उतारांचा. स्कीच्या उतारांना रंगांची खूण असते : निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड, फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा असतो. फ्रान्समधील वाल तोरांस हे २,३०० मीटरांवरचे गाव, युरोपातील सर्वांत उंच स्कीचे ठिकाण; आजूबाजूच्या खोऱ्यांसह तिथे सहाशे किलोमीटर उतार आहेत. "पण नऊ वर्षांच्या शिकाऊ मुलाला त्यांतले किती लागतील?" तिने विचारले. "शंभर मीटरांचा एक निळा उतार आणि एक चांगला शिक्षक."

"आणि दोन हिवाळे शिकलेल्या त्याच्या बाबांना?" नातवाने मध्येच विचारले. सगळे हसले. बाबांनाही फार तर लाल उतारच झेपण्यासारखा होता.

चौथा हिशेब सुनेने लिहिला नाही, पण तो सर्वांत जड होता. आजींना रक्तदाबाचा त्रास होता आणि गुडघे कुरकुरत होते. चार हजार मीटरांजवळची विरळ हवा त्यांना सोसवणार नव्हती. मग मुलगा, सून आणि नातू पाळण्याने वर जाणार आणि आजी खोलीच्या खिडकीशी बसून राहणार, असेच ते चार दिवस झाले असते.

डोंगराचे भय हाही या निवडीचा एक भाग होताच. ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर गावावर २३ फेब्रुवारी १९९९ रोजी प्रचंड हिमस्खलन कोसळले आणि एकतीस माणसे मृत्युमुखी पडली. युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवलेल्या आहेत आणि हिवाळ्यात त्या रोज जाहीर होतात. नवख्या माणसाला तिसरी पायरी मधली, म्हणून बेताची वाटते. परंतु जीवघेणे अपघात मोठ्या संख्येने याच पायरीवर घडतात. पाचव्या पायरीला माणूस घरातून बाहेर पडत नाही. तिसरीला तो धीर करतो. आखलेल्या उतारांची राखण गावकरी डोळ्यांत तेल घालून करतात. संकट बहुधा खुणांच्या बाहेर, अस्पर्शित बर्फाच्या मोहात, वाट पाहत असते. मुलाने हे वाचले आणि नातवाला बजावले, "खांबांच्या बाहेर एक पाऊलही टाकायचे नाही."

तरी निर्णय होईना. अखेर एका रात्री जेवण झाल्यावर मुलाने मॅटरहॉर्नचे छायाचित्र आजींसमोर धरले. "आई, ओळखलंस? आपल्या माजघरातलं चित्र. तू ते कधी काढलं नाहीस."

आजींनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिले. मग त्या हळूच म्हणाल्या, "अरे, तिथे भिंतीला ओल आली होती. पोपडे दिसू नयेत म्हणून ते टांगून ठेवलं होतं. तुला इतकं आवडायचं, हे मला कुठे ठाऊक होतं?"

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग त्याला हसू आले आणि त्या हसण्यात कुठेतरी डोळेही ओले झाले. एवढी वर्षे जे देणे तो आईचे म्हणून वागवीत होता, ते मुळात त्याचे स्वतःचेच होते.

"शिखर लांबून दिसलं तरी मला पुरे," आजी पुढे म्हणाल्या. "पण बर्फात चार पावलं चालायचंय. आणि ह्याला पडताना बघायचंय." त्यांनी नातवाकडे बोट दाखवले.

त्यानंतर निवड सोपी झाली. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात झेफेल्ड नावाचे गाव आहे. ते सुमारे १,२०० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. म्यूनिकहून गार्मिश-पार्टेनकिर्शेन आणि मिटेनवाल्ड मार्गे रेल्वेने अडीच-तीन तासांत तिथे पोचता येते. हा डोंगरी लोहमार्ग १९१२ साली सुरू झाला. उंच कड्यांवरून वेगाने उतरण्यापेक्षा सपाटीवरून स्की सरकवीत लांब जाण्याच्या प्रकारासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. इन्सब्रुकच्या १९६४ आणि १९७६ च्या ऑलिंपिकमधील त्या शर्यती येथेच झाल्या. नवशिक्यांसाठी गावाजवळ सोपे उतार आहेत, आणि चालणाऱ्यांसाठी बर्फ दाबून केलेल्या वाटा.

"उंची कमी आहे. बर्फ वितळला तर?" मुलाने एकदाच विचारले.

"वितळला तर तीन तासांत घरी येऊ," सून म्हणाली. "तेवढंच गमावू."

पहिले दोन दिवस कडक थंडीचे होते. तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडून फ्योन वारा सुटला. आल्प्स ओलांडून खाली उतरताना हा वारा कोरडा आणि उबदार होतो, आणि बर्फाला घाम फुटतो. दुपारी उतार मऊ पडले. मुलगा निळ्या उतारावर दोनदा आपटला. त्याच्या शेजारून पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक रांग, बदकांच्या पिलांसारखी, शिक्षकामागून सरसर निघून गेली. त्या रांगेच्या शेवटी, इतरांपेक्षा वीतभर उंच, त्यांचा नातू होता. तो पडला, उठला, पुन्हा पडला, आणि तिसऱ्यांदा न पडता खाली पोचला.

आजी तळ्याकाठच्या वाटेवर उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसरा हात सुनेच्या हातात. त्यांनी हातमोजा काढला आणि देवदाराच्या खालच्या फांदीवरचा, कुणाचा पाय न लागलेला बर्फ मुठीत घेतला. हात बधिर होईपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"हा शाळेतला," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मुलाने पुन्हा नकाशा उघडला. झेरमाट होते तिथेच होते. त्याने त्यावर खूण केली नाही आणि ते नाव खोडलेही नाही. ठिकाण निवडताना माणूस उंची पाहतो, अंतर पाहतो, दर पाहतो, आणि ते पाहायलाच हवे. परंतु आपण कुणासाठी जात आहोत, हे आधी विचारले तर पुष्कळशी गावे नकाशावरून आपोआप मागे सरतात. आणि ज्याच्यासाठी जायचे, त्यालाच ते विचारावे. कारण भिंतीवरचे चित्र एकाला शिखर दाखवते आणि दुसऱ्याची ओल झाकते.