अठरा अंशांची वाट

सतरा वर्षं जमिनीखाली काढलेला किडा शेवटच्या आठवड्यात घाई करत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. मेरीलँडच्या ओक-मेपलांच्या मुळांशी, मिट्ट काळोखात, पाणचट रस पीत पीत हा सिकाडा वाढतो. सतरावा वसंत आला की वर सरकतो, जमिनीच्या तोंडाशी बोट जाईल एवढं बीळ करून ठेवतो आणि तिथेच थांबतो. वीतभर खोलीवरची माती अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास तापेपर्यंत तो बाहेर येत नाही. त्यावर एखादी कोमट सर पडली, की त्याच संध्याकाळी निघतो. एकटा नव्हे, वस्ती दाट असेल तिथे एकरी पंधरा लाखांपर्यंत.

२०२१ साली ही माती तापेना.

‘ब्रूड टेन’ म्हणतात ती ही पिढी. १९८७, २००४ आणि मग २०२१. वॉशिंग्टनच्या आसपासची सगळी गावं मे उजाडताच सज्ज होती. वर्तमानपत्रांतून नकाशे आले, रोपट्यांवर जाळ्या चढल्या, मांडव उघड्यावर घालावा की नाही यावर लग्नघरांतून खल झाला. आमच्या शेजारच्या आजोबांनी तर मांस भाजताना वापरायचा तापमापक फुलांच्या वाफ्यात खुपसून ठेवला होता आणि सकाळी कॉफीचा मग हातात घेऊन ते आकडा वाचत. आकडा हलत नव्हता. रात्री गारठ्याच्या, दिवस ढगाळ. बिळांच्या तोंडावर मातीच्या ओल्या गोळ्यांची नळकांडी मात्र उभी राहिली होती. कुणीतरी खाली जागं आहे, याची तेवढीच खूण.

त्या मे महिन्यात आमचं निम्मं लक्ष फोनकडे असे. महाराष्ट्रात कोविडची दुसरी लाट होती. कुणाला ऑक्सिजन मिळाला, कुणाला नाही, कोण गेलं, हे सगळं व्हॉट्सॲपवरून कळत होतं. ४ मेपासून भारतातून इकडे येणाऱ्यांवर निर्बंध लागले; गेलो तर परत कधी येऊ, याचा भरवसा नव्हता. सावंतवाडीहून आई रोज बोलायची आणि आजाराचं बोलून संपलं की विचारायची, “तुझे ते किडे आले का रे वर?” तिच्याकडे सिकाडे दरवर्षीच असतात. वैशाखात रानातून वाट काढताना कानाला दडे बसावेत इतके. सतरा वर्षं वाट बघायला लावणारा किडा तिला लबाडच वाटत असावा.

वर्षं मोजतो कशी, हे मात्र लबाडीपेक्षा सुंदर आहे. कॅलिफोर्नियातले संशोधक रिचर्ड कार्बन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा वर्षांची पिल्लं पीचच्या झाडांच्या मुळांवर सोडली आणि त्या झाडांना एका वर्षात दोनदा पालवी फुटेल असं केलं. किडे एक वर्ष आधीच बाहेर आले. म्हणजे तो दिनदर्शिका नाही, झाड मोजतो. पालवीच्या वेळी मुळांतल्या रसाची चव बदलते, त्यावर त्याचा हिशेब. झाडाला फसवलं की तोही फसतो. २०१७ सालीही याच भागात बरेच सिकाडे चार वर्षं आधी वर आले होते. हिशेब झाडाकडे, पण दार उघडणं मातीकडे. थंडीला जो काही अधिकार आहे, तो या शेवटच्या दारापुरता.

मेच्या मध्यानंतर ऊन तापलं आणि दार उघडलं. खोडांवर, कुंपणांवर, मोटारींच्या चाकांवर किडेच किडे. कात टाकून निघालेला सिकाडा पांढराफटक आणि मेणासारखा मऊ असतो. काही तासांत अंग कडक होतं, काळं पडतं, डोळे तांबडे. हेच तास नाजूक. गारठा आणि पाऊस यात गाठला तर कात अर्धीच सुटते, पंख चुरगळलेले राहतात. मेच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तसंच झालं. भर दुपारी पारा दहा-बारा अंशांवर, वर झिमझिम पाऊस. आदल्या दिवसांत सुरू झालेला गजर बंद.

गातो फक्त नर, तोही गळ्याने नव्हे. पोटाच्या दोन्ही बाजूंना ताणलेले पडदे असतात, स्नायू ते आत खेचतात आणि सोडतात. स्नायू गार पडले की पडदा हलत नाही. उडताही येत नाही. पक्षी आणि खारी मात्र उबदार रक्ताच्या, त्यांना थंडीचं सोयरसुतक नाही. सिकाड्याकडे ना नांगी, ना विष, ना चपळाई. खाणाऱ्यांचं पोट भरूनही उरावं एवढी संख्या, हेच त्याचं संरक्षण. आमच्या अंगणातल्या रॉबिन पक्ष्याने तो शनिवार फांदीवरून हलता न येणारे किडे टिपण्यात घालवला. जमिनीवरचं आयुष्य उणंपुरं महिनाभराचं, त्यातले हे दिवस फुकट गेले म्हणून मी हळहळलो. पण गारठ्यात सिकाड्याचं शरीरही मंद चालतं, खर्च कमी होतो. थंड वर्षी हंगाम पुढे लांबतो.

अशा हळहळीत आठवतो तो बाल्टिमोरजवळचा बेंजामिन बॅनेकर, स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी आणि पुढे पंचांगकर्ता. १७४९ साली, सतरा वर्षांचा असताना, हे किडे फळं फस्त करतील या भीतीने तो त्यांना मारत सुटला होता. मग १७६६ आणि १७८३ साली ते पुन्हा आलेले त्याने पाहिले आणि आता १८०० मध्ये येतील, असं वहीत लिहून ठेवलं. आयुष्य सतराच्या पाढ्यात मोजणारा माणूस. असा माणूस थंड मेमध्ये आठवडाभर उशीर झाला म्हणून वैतागला असेल, असं वाटत नाही. वैतागतो ते आपण.

जूनमध्ये ऊन आलं आणि दबून राहिलेला सगळा आवाज एकदम बाहेर पडला. ढग आला की उतरे, सरला की पुन्हा चढे. दाराशी उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागे. ९ जूनला युरोपला निघालेले तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बायडन यांच्या मानेवर एक सिकाडा बसला, आणि आदल्या रात्री त्यांच्यासोबतच्या पत्रकारांचं विमान सिकाडे यंत्रात शिरल्यामुळे कित्येक तास जमिनीवरच राहिलं. भारतातून येणाऱ्यांना अडवायला सरकारी फर्मान लागलं होतं. इथे किड्यांनीच ते केलं. आईला फोनवर हे सांगितलं, तर पलीकडून आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं आणि माझ्या छातीत धस्स झालं. ती हसत होती. म्हणाली, “मेल्यांनी थंडीचा राग विमानावर काढला.”