पाथरीची मतदार आणि तीन विधानसभा

१/ १९५२, १९५७ आणि १९६२. दहा वर्षांत विधानसभेच्या तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. पाथरीच्या मतदाराने पहिल्या खेपेस हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठी मत दिले, दुसऱ्या खेपेस द्वैभाषिक मुंबई राज्याच्या आणि तिसऱ्या खेपेस महाराष्ट्राच्या. या काळात त्याने घर बदलले नाही, शेत बदलले नाही, बोली बदलली नाही. राज्य मात्र दोनदा बदलले. परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाची ही कथा आहे.

२/ सीमा बदलणे पाथरीला नवे नव्हते. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुलकर्णी, असे फिरिश्ता सांगतो. वडिलोपार्जित गाव आपल्या ताब्यात असावे म्हणून बुऱ्हाण निजामशहाने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडच्या इमादशाहीशी युद्ध केले आणि पाथरी घेतली. पुढे अकबराच्या काळातील नोंदींत पाथरी ही वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून आढळते. त्यानंतर हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला. या साऱ्या स्थित्यंतरांत तलवार, तह आणि सनद यांना स्थान होते. रयतेला काय वाटते, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

३/ निजामी राजवटीत कायदेमंडळ नव्हते असे नाही. जबाबदार शासन नव्हते. १९३९ साली सुधारणांची घोषणा झाली, पण त्यांत प्रतिनिधित्व व्यवसायगटांच्या आधारे द्यावयाचे होते आणि अंतिम सत्ता निजामाच्याच हाती राहणार होती. प्रौढ मताधिकाराचा त्यात मागमूस नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसची मागणी नेमकी जबाबदार शासनाची होती. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर, १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपली. प्रजेचे मतदार होण्यास आणखी साडेतीन वर्षे लागली.

४/ येथे पाथरीतील एक मतदार कल्पावी. जन्म १९२८ चा. ती कल्पित आहे. तिच्याभोवतीच्या तारखा खऱ्या आहेत. मताधिकाराचे वय तेव्हा २१ होते, म्हणून पहिल्याच मतदारयादीत ती बसते. यादीत नाव येणे हीही साधी गोष्ट नव्हती. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगितल्यामुळे देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्या वेळी वगळली गेली. त्यांतील बहुतेक उत्तरेकडील राज्यांतील होत्या. आपल्या मतदाराने यादी करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगितले, असे धरू. सरकारी कागदावर तिचे नाव बहुधा तेव्हाच प्रथम उमटले.

५/ मतदानाची रीतही आजच्याहून निराळी होती. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नसत. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड. नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात छापलेली, एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका घेऊन मतदार आडोशाला जाई आणि हव्या त्या पेटीत ती टाकी. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही दुसऱ्या कोणास न विचारता मत देता यावे, हा या योजनेचा हेतू होता.

६/ त्या निवडणुकीतून हैदराबाद राज्याची पहिली लोकनिर्वाचित विधानसभा अस्तित्वात आली. जागा १७५, काँग्रेसला ९३. कम्युनिस्टांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने लढून ४२ जागा मिळवल्या. ६ मार्च १९५२ रोजी बूर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू भाषक एकाच सभागृहात बसले. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद, या सोळा जिल्ह्यांच्या राज्यात अल्पसंख्य होते. तरीही पाथरीच्या मतदाराला तिच्या हयातीत प्रथमच असा सत्ताधारी मिळाला, ज्याला ती पाच वर्षांनी घरी पाठवू शकत होती.

७/ ती पाच वर्षे पुरी झालीच नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना कायदा अमलात आला आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगणा आंध्र प्रदेशात, कन्नड जिल्हे म्हैसूरमध्ये आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. मराठवाड्यातून हैदराबादच्या सभागृहासाठी निवडून आलेले आमदार आता मुंबईच्या सभागृहाचे सदस्य मानले गेले. पाथरीला सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक मानवत रोड. त्याच स्थानकावर, त्याच रुळांवर, राजधानीला निघालेला माणूस काल सिकंदराबादच्या गाडीत बसत होता. आज तो मनमाडला गाडी बदलून मुंबईकडे जाऊ लागला.

८/ हा बदल मराठवाड्याला नकोसा होता, असे म्हणता येणार नाही. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे ही मागणी येथेही जोरदार होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाडा यांना निधी, शिक्षण व नोकऱ्या यांत न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले होते. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. करारावर स्वाक्षऱ्या नेत्यांच्या होत्या, कायदा संसदेचा होता. ‘तुझा प्रतिनिधी कोण?’ हे मतदाराला विचारले गेले. ‘तुझे राज्य कोणते?’ हे मतपत्रिकेने तिला कधीच विचारले नाही.

९/ न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मतदार दुसऱ्या प्रश्नात मिसळून देतो, हे १९५७ ने दाखवले. द्वैभाषिकाला विरोध म्हणून पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मते दिली. मराठवाड्याने बहुसंख्य जागा काँग्रेसला दिल्या. ३९६ जागांच्या सभागृहात काँग्रेसच्या २३४ जागा आल्या आणि यशवंतराव चव्हाणांचे सरकार टिकले, ते मराठवाडा, विदर्भ आणि गुजरात यांच्या बळावर. एकाच भाषेच्या दोन प्रदेशांनी एकाच दिशेने मत का दिले नाही? एकाला मुंबई हातून निसटण्याची भीती होती. दुसरा नुकताच निजामी राजवटीतून बाहेर पडून मराठी मुलखाशी जोडला गेला होता. दोघांचा भूतकाळ भिन्न होता, म्हणून त्यांचे वर्तमानाचे वाचनही भिन्न होते.

१०/ हा प्रश्न थेट विचारता आला नसता काय? गोव्यात तो विचारला गेला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. हरलेल्या पक्षालाही तो कौल मान्य करावा लागला. पाथरीत असा कौल घेतला असता, तर निकाल बहुधा महाराष्ट्राच्याच बाजूने लागला असता. पण गृहीत धरलेली संमती आणि मोजलेली संमती यांत फरक आहे. पुढे अनुशेषाची प्रत्येक तक्रार करताना मराठवाडा नागपूर कराराचा कागद दाखवतो, त्याचे एक कारण या फरकात आहे.

११/ १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ मध्ये आपल्या मतदाराने २६४ जागांच्या नव्या विधानसभेसाठी मत दिले. काँग्रेसला २१५ जागा मिळाल्या. आता पेट्यांची रांग नव्हती. एकाच मतपत्रिकेवर सर्व उमेदवार आणि हातात शिक्का. अनुसूचित जाती-जमातींसाठी असलेले द्विसदस्यीय मतदारसंघही १९६१ च्या कायद्याने रद्द झाले होते. हैदराबाद राज्यात असे ३३ मतदारसंघ होते. तेथे एका मतदाराला दोन मते असत. तिसरी निवडणूक, तिसरी विधानसभा. चौतिशीतली मतदार तीच.

१२/ राज्य संपले तरी त्याचे कागद संपत नाहीत. हैदराबादचा १९५० चा कूळ व शेतजमीन कायदा, जो १९५२ च्या विधानसभेच्या काळात सुधारला गेला, तो मराठवाड्यात पुढेही चालू राहिला. जमिनीचा वाद घेऊन उभे राहणारे मराठवाड्यातील कूळ अस्तित्वात नसलेल्या राज्याच्या कायद्याचा आधार घेत आले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेट’ हे शब्द गावोगावी ऐकू आले, तेव्हा अनेक तरुणांना आपले पणजोबा दुसऱ्या राज्याच्या दप्तरात राहत होते, हे प्रथमच जाणवले.

१३/ मुंबईच्या सभागृहाने मराठवाड्याला काय दिले? फेब्रुवारी १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्या पदावर पोहोचलेले ते मराठवाड्याचे पहिले नेते. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी जायकवाडी धरणाचे उद्‌घाटन झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याने गोदावरीचे पाणी परभणी जिल्ह्यात आले. त्याच सभागृहाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्याची शिक्षा दलित वस्त्यांनी भोगली. मराठवाडाभर घरे जाळली गेली; नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतील गावांनी ती होळी जवळून पाहिली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. सभागृहात हात वर होतात आणि त्याचे परिणाम गावकुसाबाहेर भोगावे लागतात, हे त्या पावसाळ्याने शिकवले.

१४/ राज्याच्या सीमा स्थिरावल्या, तरी जिल्ह्याच्या आणि मतदारसंघाच्या रेषा हलत राहिल्या. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका परभणीतून गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला. विधानसभेच्या जागा १९६७ मध्ये २७० आणि १९७८ मध्ये २८८ झाल्या. तो आकडा अजून तोच आहे. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघ पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली. तिच्यात शेजारचा सिंगणापूर मतदारसंघ नकाशावरून नाहीसा झाला. पाथरी मतदारसंघात पाथरी, मानवत, सोनपेठ हे तालुके आणि परभणी तालुक्याचा काही भाग आला.

१५/ अमेरिकेतील अनेक घटकराज्यांत मतदारसंघांच्या रेषा खुद्द विधिमंडळेच आखतात. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ मध्ये मंजूर केलेल्या वेड्यावाकड्या मतदारसंघावरून ‘जेरीमँडरिंग’ हा शब्दच रूढ झाला. टेनेसीत १९०१ नंतर साठ वर्षे रेषा हलवल्याच गेल्या नाहीत. शेवटी १९६२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा वादांत लक्ष घालण्याचा अधिकार मान्य केला. भारतात हे काम परिसीमन आयोगाकडे असते. आमदाराला स्वतःची रेषा आखता येत नाही, ही या व्यवस्थेची जमेची बाजू. आयोगाचा आदेश एकदा निघाला की त्याला न्यायालयात आव्हान देणे जवळपास अशक्य असते, ही दुसरी बाजू.

१६/ नव्या-जुन्या रेषांच्या आत मतदाराने काय केले? नव्वदच्या दशकात पाथरी शिवसेनेच्या हरिभाऊ लहाने यांच्यामागे उभी राहिली. त्यानंतर २००४ मध्ये राष्ट्रवादीचे बाबाजानी दुर्राणी, २००९ मध्ये शिवसेनेच्या मीरा रेंगे, २०१४ मध्ये अपक्ष मोहन फड, २०१९ मध्ये काँग्रेसचे सुरेश वरपूडकर आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादीचे राजेश विटेकर. पाच निवडणुका, पाच निराळे आमदार. कोणालाही हा मतदारसंघ गृहीत धरता आला नाही. १९२८ साली जन्मलेली आपली मतदार २००९ मध्ये ८१ वर्षांची असती. नाव सांगायला संकोचणाऱ्या पिढीतल्या त्या बाईने यंत्रावरील स्त्रीच्या नावापुढचे बटण दाबले असते किंवा नसते; पण ते नाव तेथे होते.

१७/ २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत विधानसभांच्या जागा गोठवलेल्या राहतील, अशी तरतूद २००१ च्या घटनादुरुस्तीने केली. २०२३ मधील १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. त्यांची अंमलबजावणीही मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली आहे. म्हणजे पाथरीची रेषा कधीतरी पुन्हा आखली जाईल. २००२ च्या परिसीमन कायद्यात प्रारूप नकाशा प्रसिद्ध करणे, हरकती मागवणे आणि जाहीर सुनावणी घेणे बंधनकारक होते. १९५६ साली पाथरीच्या मतदाराला असा नकाशा कोणी दाखवला नव्हता. तिच्या पणतीला तो दिसेल. तो उघडून आपले गाव कोणत्या रेषेच्या आत आहे हे पाहणे आणि पटले नाही तर मुदतीत हरकत नोंदवणे, एवढे काम या इतिहासाने पुढच्या पिढीकडे सोपवले आहे.