साठ लंगोट आणि एक पिंप

2016 च्या मार्चमध्ये सव्वा महिना उलटून गेल्यावर जुळी घेऊन मी चिपळूणहून लातूरला आले, तेव्हा सोबत साठ लंगोटांचे गाठोडे होते. नानीने जुन्या सुती साड्या फाडून शिवलेले. नव्या कापडाला खळ असते, ते बाळाला टोचते, असे तिचे म्हणणे. माहेरी विहीर दारात. तिथे पंचाईत असते ती लंगोट वाळवायची. पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर ते सुकवतात.

लातुरात सगळेच उलटे. ऊन असे की लंगोट बघता बघता कडकडीत वाळावा, पण धुवायला पाणी नाही. मांजरा धरण आटलेले. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली. 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. साऱ्या देशाने ती टीव्हीवर पाहिली. आम्ही मात्र पिंपाच्या तळाकडे बघत होतो. गल्लीत टँकर आठवड्याने यायचा.

दोन बाळांचे दिवसाला वीस-पंचवीस लंगोट होत. आधी साबण, मग तीन पाणी. साबण राहिला तर कातडी लाल होते आणि नीट धुतले नाही तर कापड पाक होत नाही. भांड्यांचे पाणी लंगोटांना, लंगोटांचे शेवटचे पाणी संडासाला, असे चालले होते. शेवटी यांनी डायपरचे पाकीट आणले. एक डायपर साधारण दहा रुपयांना. दोघांना दिवसभर घालायचे तर पगार पुरणार नव्हता. शिवाय त्या उन्हाळ्यात प्लास्टिकखाली मांड्या घामोळ्यांनी भरायच्या.

म्हणजे एकालाच घालायचे. पण कोणाला?

इथे मी एक हिशेब केला, तो आजही आठवला की अवघडल्यासारखे होते. आम्ही कोकणी शाफई, सासर हनफी. आमच्यात फक्त दुधावर असलेल्या मुलाचा पेशाब कपड्याला लागला तर त्यावर पाणी शिंपडले तरी चालते. मुलीचा मात्र धुवावा लागतो. मी ठरवले, मुलीला डायपर, मुलाला लंगोट. मुलाने मांडी ओली केली तर ओंजळभर पाण्यात काम भागेल आणि नमाजही चुकणार नाही. मसला ठीक होता. पण दोन-तीन दिवसांत मुलीची मांडी सोलून निघाली आणि मी तिला पावडर लावत बसले.

अम्मांनी, म्हणजे सासूबाईंनी, ते पाहिले. "पोरे का हो या पोरी का, मूत तो मूतच है," त्या म्हणाल्या. हनफींत दोघांचाही धुवावाच लागतो. मला वाटले, झाले, आता पाणी आणखी लागणार. पण त्यांनी दिवसा दोघांनाही लंगोटच बांधले. रात्री दोघांना एकेक डायपर. स्वतःसाठी त्यांनी एक सुती लुगडे वेगळे काढले, फक्त नमाजेचे. बाळे घ्यायची ती दुसऱ्या लुगड्यात. इतका सोपा उपाय मला कसा सुचला नाही?

रात्रीचे डायपर टाकायचे कुठे, हा नवाच प्रश्न आला. उकिरड्यावर टाकले की कुत्री ओढत आणायची. त्याच एप्रिलमध्ये निघालेल्या घनकचऱ्याच्या नियमांत ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावेत असे होते. पण आमच्या घंटागाडीत सगळा कचरा एकत्रच पडे आणि त्यावरची बाई तो हातांनी निवडे. मी शी संडासात टाकून डायपर वर्तमानपत्रात बांधून देऊ लागले. ती हसायची. म्हणायची, "बांधून देणाऱ्या तुम्हीच एकट्या."

जूनमध्ये रमजान आला. रोजे मी पुढे ढकलले होते, कारण दोघांना पाजायचे होते. अम्मांचा मात्र एकही रोजा चुकला नाही. रेल्वे अजून पाणी आणतच होती.

ईदच्या दिवशी अम्मांनी नमाजेचेच लुगडे नेसले होते. पाहुण्यांच्या गर्दीत मुलगी त्यांच्याकडे झेपावली आणि त्यांनी तिला मांडीवर घेतले. नुसत्या लंगोटात. मी धावले, पण उशीर झाला होता. अम्मा उठल्या, मुलीला माझ्या हातात दिले, पिंपातून एक तांब्या भरला, मग दुसरा, मग तिसरा, आणि मोरीवर बसून पदराचे टोक सावकाश धुऊ लागल्या.