नाव कोणाच्या मस्टरवर?

आमच्या शाळेतला मुलगा चाकणला कामाला लागला की मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. कोणत्या कंपनीत लागला, हे सगळे विचारतात. नाव कोणाच्या मस्टरवर आहे, हे कोणी विचारत नाही. मुलगा कंपनीच्या बसने जातो, रात्रपाळी करतो. कागदावर मात्र तो ‘ट्रेनी’.

२०१३ साली तंत्रशिक्षण परिषदेने ‘नीम’ योजना आणली. अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके विद्यावेतन, मुदत तीन महिने ते तीन वर्षे, पुढे कायम करण्याचे बंधन नाही. मुलगा ना कंपनीचा कामगार, ना कॉलेजचा विद्यार्थी. २०२२ मध्ये ती गुंडाळली गेली. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआयवाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००; मुदत सहा महिने. २०२५ मध्ये ती अकरा महिने झाली. बाराव्या महिन्यात मुलाने काय करायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

अल्पसंख्याकांसाठी केंद्राने २०१३-१४ मध्ये ‘सीखो और कमाओ’ सुरू केली, तिच्यात ७५ टक्के मुलांना काम मिळवून देण्याची अट होती. अट चांगलीच. पण कामाला लागणे वेगळे आणि कामात टिकणे वेगळे.

ईदला जुने विद्यार्थी शीरखुर्मा प्यायला येतात, तेव्हा आम्ही आमच्यापुरती तपासणी करून घेतो. पीएफ कापतात का? मशीन स्वतः सेट करतोस, की नुसते बटण दाबतोस? तीन महिन्यांचा कोर्स केलेल्यांकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सर्टिफिकेट असते आणि दर ईदला नवा ठेकेदार. ज्यांनी दोन वर्षे आयटीआयमध्ये फिटर केला आणि मग अप्रेंटिसशिप, ते थोडे, पण त्यांचे पाय जमिनीला लागलेले दिसतात.

मग सगळे आयटीआयला का जात नाहीत? एक कारण आमच्याच फळ्यावर आहे. आम्ही दहा वर्षे शिकवतो कुतर, निस्फ कुतर, झाविया. तिथे पहिल्याच दिवशी व्यास, त्रिज्या, कोन. पुस्तकात डायमीटर, रेडियस, अँगल. मुलाला गणित येत असते, पण तो गप्प बसतो आणि मास्तरांना वाटते, कच्चा आहे. दिवाळीपर्यंत काहीजण सोडून देतात. शाळा आणि आयटीआय यांच्यामधला हा महिनाभराचा पूल कोणत्याही योजनेत आम्हाला दिसला नाही. आता दहावीच्या वर्गात प्रत्येक संज्ञा आम्ही तिन्ही भाषांत लिहून देतो. खर्च म्हणाल तर खडूचा.

दुसरे कारण फळ्यावर सुटत नाही. गेल्या जूनमध्ये एका हुशार मुलाच्या वडिलांना आयटीआयचे समजावून सांगत होतो. ते हातगाडी लावतात. शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, बात आपकी सही है. लेकिन दो साल घर कैसा चलाने का?”

मुलगा आता चाकणला जातो. ट्रेनी म्हणून.