तिथी

परप्रांती नेमणूक झालेल्या माणसाच्या घरात दोन पंचांगे असतात. एक कचेरीचे. ते भिंतीवर टांगलेले असते आणि त्यात बैठका, अहवाल, मार्चअखेर अशी पर्वे नोंदलेली असतात. दुसरे पंचांग डोळ्यांना दिसत नाही. ते गावाकडची आई चालविते. पूर्वी ती पत्रातून कळवीत असे, पुढे दूरध्वनीवरून सांगू लागली, ‘परवा नागपंचमी आहे हो, चिराचिरी करू नका.’ आपण ‘हो’ म्हणतो आणि विसरतो. विसरण्याची चैन आपल्याला परवडते, कारण लक्षात ठेवण्याचे काम दुसरे कोणी करीत असते. ते माणूस गेले म्हणजे दुसरे पंचांग बंद पडते. माझे पंचांग बंद पडले तेव्हा मी सोलला होतो, आणि ते पुन्हा उघडावयास मला एका कोरियन ख्रिस्ती आजीने शिकविले.

२०१४ च्या पावसाळ्यात तीन वर्षांच्या नेमणुकीवर आम्ही तेथे गेलो. शहराच्या उत्तरेस बुखानसान डोंगराच्या पायथ्याशी विटांचे एक दुमजली घर भाड्याने मिळाले. वर आम्ही, खाली घरमालकीण. वय बहात्तर, केस आखूड व कुरळे केलेले, पाठ ताठ. प्रेस्बिटेरियन मंडळीत वडीलधाऱ्या सेवाभावी स्त्रियांना ‘क्वॉन्सा’ ही पदवी देतात. तिला सारी आळी ‘क्वॉन्सा-निम’ म्हणे. आम्ही मात्र पहिल्या आठवड्यापासून ‘हाल्मोनी’, म्हणजे आजी, म्हणू लागलो. तीही जिन्यात भेटली की विचारी, ‘बाप मोगोस्सोयो?’ भात खाल्लात का? त्या देशातला हा नेहमीचा कुशलप्रश्न आहे. ‘जेवलात का?’ हा आपला प्रश्न समुद्रापलीकडे कोणीतरी आधीच नेऊन ठेवला आहे, असे वाटून मला पहिल्याच दिवशी बरे वाटले.

तिचा दिवस पहाटे साडेचारला लोखंडी फाटकाच्या आवाजाने सुरू होई. बाहेर पारा शून्याखाली दहा अंश असो की पाऊस कोसळत असो, पहाटेची प्रार्थना चुकत नसे. ही चाल विसाव्या शतकाच्या आरंभी प्योंगयांगमध्ये रुजली. आज ऐकून नवल वाटेल, पण त्या शहराला तेव्हा ‘पूर्वेचे जेरुसलेम’ म्हणत. तेथे १९०७ मध्ये भक्तीची मोठी लाट आली. त्याआधी दोन वर्षे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनातही तशीच लाट उठली होती, आणि हिंदुस्थानातील अशा घडामोडींच्या वार्ता कोरियातील मिशनऱ्यांच्या कानी गेल्या होत्या. आजीला केडगाव ठाऊक नव्हते, मला प्योंगयांग ठाऊक नव्हते. काकडआरतीला निघालेल्या आमच्या आजोळच्या म्हाताऱ्या मात्र मला आठवत. चालण्यातली लगबग तीच होती.

प्रार्थनेहून आली की ती भात लावी. लावण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे एक चमचा तांदूळ वेगळ्या बरणीत टाकी. हे ‘सोंगमी’, श्रद्धेचे तांदूळ. जुन्या काळी बायकांजवळ पैसा नसे. पण चुलीवर त्यांची सत्ता असे, आणि त्या सत्तेतून त्यांनी मंडळ्या उभ्या केल्या. आता बहुतेक जण पैसेच देतात. आजीने बरणी सोडली नव्हती. माझी पूर्वीची एक नेमणूक ऐजॉलला झाली होती. तेथे मिझो घरांतूनही देवासाठी असेच मूठभर तांदूळ काढून ठेवतात. पत्नीला त्यावरून आपल्याकडचा जुना मुष्टिफंड आठवला. आठवडाभराने आमच्याही ओट्यावर एक बरणी आली. तीत ती काय साठविते व कोणाला देते हे मी आजतागायत विचारलेले नाही.

गच्चीवर आजीचे मडक्यांचे राज्य होते. तपकिरी झिलईचे मोठाले रांजण ओळीने मांडलेले. कोणात सोयाबीन आंबवून केलेले दोएन्जांग, कोणात मिरचीचे गोचुजांग, कोणात जुने सोयाचे पाणी. ऊन पडले की झाकणे उघडावयाची, ढग आले की धावत जाऊन झाकावयाची. लोणच्याच्या बरण्यांना दादरा बांधणारी आमची आई येथे असती, तर भाषेवाचून दोघींचे जमले असते. नोव्हेंबरच्या अखेरीस ‘किमजांग’ झाले, म्हणजे हिवाळ्याची किमची घालण्याचा सोहळा. या चालीला २०१३ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. पण आजीच्या अंगणात त्या दिवशी वारशाचा गंभीरपणा नव्हता, लग्नघराची गडबड होती. साठ गड्डे चिनी कोबी आदल्या रात्री उभे चिरून मिठात घातलेले. मंडळीतल्या आठ बायका हातांत गुलाबी रबरी मोजे चढवून बसलेल्या. मुळ्याचा कीस, मिरचीपूड, लसूण, आले, कांद्याची पात आणि तांदळाची पातळ खळ यांचा लालभडक ढीग मध्यभागी. त्यात खारवलेली कोलंबी पडणार एवढ्यात माझी पत्नी मांसमच्छी खात नाही हे आजीला आठवले. तिने हात वर करून सर्वांना थांबविले. ‘मासळीवाचून किमची बौद्ध भिक्षू खातात,’ ती हसत म्हणाली, ‘आणि ही हिंदू पोर. या ख्रिस्ती घरात आज तीही होईल.’ पाच गड्डे निराळे भरले गेले. तिची स्वतःची किमची मात्र शेजारणींच्या किमचीहून फिकी व पाणीदार असे. ‘आमच्या उत्तरेकडे अशीच करतात,’ एवढेच ती म्हणे.

‘उत्तर’ या शब्दाचा अर्थ मला कळावयास दोन वर्षे लागली.

पहिल्याच जेवणाला माझ्या हातून एक चूक झाली होती. ऊबदार जमिनीवर ठेंगणे मेज मांडले होते. आजीने डोळे मिटून प्रार्थना केली, वडीलधारी म्हणून प्रथम चमचा उचलला, मग आम्ही. तेथे भात चमच्याने खातात. बोलण्याच्या भरात मी माझा चमचा भाताच्या वाडग्यात उभा खोचून ठेवला. आजीचा हात पुढे आला. तिने तो काढला, वाडग्याच्या उजव्या बाजूस आडवा ठेवला आणि किमचीची बशी माझ्याकडे सरकविली. एक शब्दही बोलली नाही. भातात उभा चमचा फक्त मृतांसाठी असतो, पितरांच्या पूजेत त्यांना जेवावयास सांगण्याची ती खूण आहे, हे पुढे कचेरीतल्या एका सहकाऱ्याने सांगितले.

ही पितरांची पूजा म्हणजे ‘जेसा’. कोरियातल्या ख्रिस्ती माणसाच्या वाटेतला सर्वांत जुना काटा तोच. १७९१ मध्ये युन जी-चुंग नावाच्या एका कुलीन ख्रिस्ती गृहस्थाने आईसाठी जेसा केली नाही आणि पितरांच्या नावाच्या पाट्या जाळल्या, म्हणून त्याचा शिरच्छेद झाला. कॅथलिकांना त्यांच्या धर्मपीठाने पुढे १९३९ मध्ये या विधीची मुभा दिली. प्रॉटेस्टंट घरे तो सहसा करीत नाहीत. पुण्यतिथीला सारे जमून प्रार्थना करतात, गाणी म्हणतात आणि गेलेल्या माणसाला आवडणारे पदार्थ करून स्वतःच जेवतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी माणसाला हे समजावयास कठीण नाही. धर्म बदलला तरी सोवळ्याओवळ्याचे सारे प्रश्न अखेर स्वयंपाकघरातच सुटतात. आजीच्या वडिलांची आणि यजमानांची पुण्यतिथी मी अशीच पाहिली. आईची कधी पाहिली नाही. आई फार पूर्वी गेली असेल आणि ते सारे सावकाश उरकले असेल, अशी मी समजूत करून घेतली.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये माझी आई वाईला गेली. मध्यरात्री फोन आला. मी पोहोचलो तो तिसऱ्या दिवशी, अस्थी गोळा करावयास. धाकट्या भावाने सारे नीट केले होते. त्यात मला करण्यासारखे काही उरले नव्हते. परत आलो आणि कामाला लागलो. कामाला लागणे ही आपणा चाकरीतल्या माणसांची दुःखावरची हुकमी तोड. पुढच्या श्रावणात वर्षश्राद्ध होते. भावाने कळविलेही होते. त्या आठवड्यात दिल्लीहून एक शिष्टमंडळ यावयाचे होते. शिष्टमंडळ आले, गेले, आणि रविवारी गच्चीवर चहा घेताना आजीने विचारले, ‘तुमच्या आईला जाऊन वर्ष होत आले ना? दिवस केव्हा?’ मी मनात मोजले. श्रावण शुद्ध दशमी. ती होऊन दोन दिवस लोटले होते.

‘झाला तो दिवस. विसरलो,’ मी म्हणालो, आणि हसण्याचा प्रयत्न केला.

आजी हसली नाही. रांजणाचे झाकण पुसता पुसता तिचा हात थांबला. ‘तुम्हाला दिवस ठाऊक आहे,’ ती म्हणाली. त्यात रागाचा सूर नव्हता. भुकेल्या माणसाने ताटात टाकलेले अन्न पाहावे तशी ती माझ्याकडे पाहत होती.

मग तिने सांगितले. १९५० च्या डिसेंबरात चिनी फौजा खाली सरकू लागल्या आणि प्योंगयांग रिकामे झाले. ती आठ वर्षांची होती. आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून आई तिच्यापाशी राहिली. वडील मुलीला पाठीशी बांधून निघाले. ‘दहा दिवसांत परत या’ असे आई म्हणाली. तेदोंग नदी ओलांडली, ते दहा दिवस अजून संपले नाहीत. १९८३ मध्ये ताटातूट झालेल्या माणसांचा दूरचित्रवाणीवर शोध घेण्याचा कार्यक्रम १३८ दिवस चालला, त्यापुढे ती रात्ररात्र बसली. पण तो शोध मुख्यतः दक्षिणेत राहिलेल्यांचा. २००० सालापासून दोन्ही सरकारांनी गाठीभेटी घडविल्या. त्यासाठी नावांची सोडत काढीत. तिचे नाव निघाले नाही.

मी तिला सर्वपित्री अमावास्येविषयी सांगितले. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे एक दिवस राखून ठेवलेला आहे. ती म्हणाली, ‘आमच्याकडेही आहे. नवव्या महिन्याची नववी तिथी. पाळकही म्हणतात, एखादा दिवस ठरवा, आपण प्रार्थना करू. आई आता शहाण्णव वर्षांची असेल. मला हिशेब येतो. पण दिवस मी ठरवावयाचा म्हणजे त्या दिवशी तिला मी मारावयाचे. देवाने तिला केव्हाच नेले असेल, तर ते त्याला ठाऊक आहे. माझ्या हातून ते होत नाही.’

त्या ऑक्टोबरात ती म्हणाली, ‘चला, सहलीला जाऊ.’ सहलींना ती नेहमीच उत्सुक असे. वसंतात मंडळीची उघड्यावरची उपासना होई, तेव्हा गुलाबी फुलांनी भरलेल्या उतारावर गाणी म्हणावयाची आणि परतताना भाजीसाठी कोवळा दवणा खुडावयाचा. शरदात लाल पाने पाहण्यासाठी ८३६ मीटर उंचीच्या बेगुंदे शिखराच्या वाटेवर ती आमच्या पुढे असे. या वेळी मात्र आगगाडी उत्तरेकडे चालली होती. दुतर्फा पिवळी भातशेते, बांधांवर कॉसमॉसची फुले, आकाशात रानहंसांची रांग. आम्ही इमजिनगाकला उतरलो. पुढे इमजिन नदी, काटेरी तारा, आणि पलीकडे पाहू दिलेले पण जाऊ न दिलेले डोंगर. तेथे १९८५ मध्ये बांधलेला एक चौथरा आहे. उत्तरेकडून आलेली माणसे सणासुदीला तेथे उभी राहून गावाच्या दिशेने नमस्कार करतात. आजी तेथे गेली नाही. थोडे दूर गवतावर तिने चटई पसरली.

काही बोलावे म्हणून मी सांगितले, की युद्ध थांबल्यावर, १९५३-५४ मध्ये, या सीमेवर भारतीय फौज होती. मायदेशी परतावयास तयार नसलेले बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी तिने सांभाळले, आणि तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे आमच्या महाराष्ट्राचे. आजी ऐकत होती. ‘म्हणजे कैद्यांना विचारले, कोठे जावयाचे ते,’ ती म्हणाली, ‘बरे झाले. आम्हाला कोणी विचारले नाही.’

मग तिने डबे उघडले. आमच्यासाठी भाजीचे किम्बाप, बिनमासळीची किमची, आणि एका डब्यात मोठाले मांदू. मोदकांसारखे वळलेले आणि वाफविलेले हे मांदू उत्तरेकडच्या घरांत थोरल्या सणाला करतात. चार माणसांचे वाडगे तिने मांडले. आम्ही तिघेच होतो. चौथ्या वाडग्यात भात वाढला, वर दोन मांदू ठेवले, आणि तोंड नदीकडे होईल असा तो चटईच्या कडेला ठेवला. तिने डोळे मिटले. प्रार्थनेतला एकच शब्द मला कळला, ‘ओमोनी’, आई. ती बराच वेळ बोलत होती.

डोळे उघडल्यावर तिने चौथा चमचा हातात घेतला. माझे सारे लक्ष त्या हाताकडे लागले होते. तिने तो वाडग्याच्या उजव्या बाजूस आडवा ठेवला, जेवावयास यावयाच्या माणसासाठी ठेवतात तसा. ‘जेवा,’ ती म्हणाली, ‘गार होईल.’

२०१७ मध्ये आम्ही परतलो. सध्या पुन्हा परप्रांतातच आहे. नेमणुकांचे पंचांग चालूच आहे. पण श्रावण शुद्ध दशमी आता चुकत नाही. मला मंत्र येत नाहीत आणि भटजी दर ठिकाणी मिळतातच असे नाही. त्या दिवशी अळूची पातळ भाजी होते, ती आईला आवडे, आणि मी कचेरीतून वेळेवर घरी येतो. वर्षभरात एवढे एकच काम मी आईसाठी करतो, आणि तेही करता येते ते मला दिवस ठाऊक आहे म्हणून.

सर्वपित्री अमावास्येला पत्नीने एकदा विचारले, हाल्मोनीच्या आईच्या नावाने आपण एक पान वाढावे का? मी नको म्हणालो. तो दिवस ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे.