अक्काची भट्टी आणि दाजींचा प्राणवायू

आपल्यापैकी जे साठीच्या पलीकडे पोचले आहेत, त्यांना मे महिन्याच्या सुट्टीतला तो पत्र्याचा डबा आठवत असेल. घरून रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप मोजून न्यायचे, बेकरीवाल्याच्या स्वाधीन करायचे आणि संध्याकाळी ऊन ऊन नानकटाईने भरलेला डबा सांभाळत घरी आणायचा. आमच्या घरी हा मान माझ्या थोरल्या बहिणीचा. भट्टीच्या तोंडाशी उभा राहून लांब दांड्याने पत्रे आत सरकवणारा कारागीर पाहण्यात ती इतकी रमायची, की मला तिचा परकर ओढून तिला घरी आणावे लागे. त्याच अक्काने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मला विचारले, "अरे, ओव्हन कुठला घेऊ?"

मी साताऱ्यात गेली अठ्ठावीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. ओव्हनशी माझा संबंध त्यातून निघालेले पदार्थ खाण्यापुरता. पण अक्काचा प्रश्न जितका बेकरीचा होता तितकाच वैद्यकाचाही होता, आणि त्यातला वैद्यकाचा भाग मी निम्माच सोडवला. कसा, ते पुढे सांगतो. ज्यांच्या घरी एखादे आजारी माणूस आहे आणि त्याची देखभाल करता करता घरातूनच काही उद्योग करण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्या ते उपयोगी पडावे.

अक्काचे यजमान, आमचे दाजी, हे सीओपीडीचे रुग्ण. तारुण्यातल्या सिगारेटींची वसुली फुप्फुसांनी सत्तरीत केली. दिवसातले सोळा तास त्यांना नाकातल्या नळीने ऑक्सिजन लागतो आणि तो देणारे कॉन्सन्ट्रेटर नावाचे यंत्र त्यांच्या पलंगाशेजारी अखंड घुमत असते. त्यामुळे अक्काला घर सोडता येत नाही. दाजींची पेन्शन तुटपुंजी, औषधे महाग, त्यात यंत्राचे वीजबिल. नाचणीची बिस्किटे, गव्हाचा ब्रेड, क्वचित वाढदिवसाचा केक असे करून ती शेजारीपाजारी विकू लागली आणि मागणी वाढली. तिचा जुना ओटीजी एका वेळी सोळा बिस्किटे भाजणार. तीन किलोची मागणी आली की पहाटे चारला उभी राहिलेली अक्का दुपारी एकलाच बसायची. बारा वर्षांचा मधुमेह आणि सुजलेले घोटे घेऊन. मी तिला हे सारे बंद कर म्हटले असते तर तिने ऐकले नसते, आणि खरे सांगायचे तर तसे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. चार भिंतींत अडकलेल्या माणसाला स्वतःच्या हातचे काही विकता येणे म्हणजे काय, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहत होतो.

आम्ही दोघे पुण्याला एका दुकानात गेलो. दुकानदाराने तीन प्रकार दाखवले: गॅसवरचा डेक ओव्हन, विजेवरचा डेक ओव्हन आणि विजेवरचा कन्व्हेक्शन ओव्हन. डेक ओव्हन हा आपल्या जुन्या भट्टीचाच वंशज. वरून आणि खालून उष्णता, तळ चांगला तापलेला, त्यामुळे पाव आणि ब्रेड त्यात झकास होतात. कन्व्हेक्शनमध्ये पंखा गरम हवा फिरवत राहतो, म्हणून तिन्ही-चारही ट्रे एकाच वेळी जवळजवळ सारखे भाजले जातात. बिस्किटांसाठी तो उत्तम. केक मात्र वरून कोरडा पडू शकतो आणि नेहमीच्या कृतीतले तापमान वीसेक अंशांनी कमी ठेवावे लागते. "मॅडम, गॅसचाच घ्या, विजेचे बिल परवडायचे नाही," असा दुकानदाराचा आग्रह होता. हिशेबाने तो चुकीचा नव्हता.

इथे मी आडवा आलो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण तो जिथे साठतो तिथे कापूस, लोकर, केस, तेलकट कापड हे सारे एरवीपेक्षा फार वेगाने पेटते. नळीतून निसटलेला ऑक्सिजन रुग्णाच्या उशीत, पांघरुणात आणि कपड्यांत बराच वेळ धरून राहतो. उघड्या ज्योतीपासून अशा रुग्णाला किमान दहा फूट दूर ठेवावे. यात देवघरातले नीरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल हेही आले. आरतीचे तबक प्रेमाने आजोबांच्या तोंडाजवळ नेणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांनी आरती दारातूनच दाखवावी. कोरड्या पडलेल्या नाकाला आणि ओठांना व्हॅसलीनसारखे तेलकट मलमही लावू नये.

अक्काच्या घरी गॅसची शेगडी आहेच, मग ओव्हनचेच काय वावडे, असे आपण विचाराल. शेगडी जळते अर्धा-पाऊण तास आणि तिची ज्योत दिसते. व्यवसायाचा ओव्हन चार-पाच तास जळणार आणि त्याची ज्योत आत लपलेली. दाजींना तर दुपारी लांब नळीसकट स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून गप्पा मारत बसण्याची हौस. शिवाय गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, जो अशक्त फुप्फुसांना त्रासतो. आणि हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना वास ना रंग. व्यवसायासाठी एकोणीस किलोचे निळे सिलिंडर घ्यावे लागते, घरगुती लाल चालत नाही. आणि गळती झालीच तर हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जातो. गॅस बाद झाला.

मग राहिले विजेचे दोन. दोन ट्रेचा डेक ओव्हन सहा-सात किलोवॅटचा, त्याला थ्री फेज जोडणी हवी. चार ट्रेचा कन्व्हेक्शन पावणेतीन किलोवॅटचा, घरातल्या सोळा अँपिअरच्या जाड प्लगवर चालणारा. अक्काचा बराचसा धंदा बिस्किटांचा. तिने कन्व्हेक्शन निवडला, ब्रेडवर थोडे पाणी सोडले, आणि मीही मान डोलावली.

दुकानात मी एक गोष्ट मात्र बरी केली. अक्काला ट्रेमध्ये दोन किलो वजन ठेवून तो ओव्हनमध्ये घालायला आणि बाहेर काढायला लावला, पाच वेळा. पहिल्या ओव्हनचे दार खाली उघडणारे होते. तापलेल्या दारावरून पुढे वाकून हात लांब करावा लागत होता आणि तिचा आखडलेला उजवा खांदा कुरकुरला. दुसऱ्याचे दार बाजूला उघडत होते, त्याच्या अगदी जवळ उभे राहता येत होते. तो घेतला. ओट्यावर ठेवला असता तर वरचा ट्रे तिच्या छातीच्या उंचीला गेला असता, म्हणून कमरेपेक्षा जरा खाली येणारा लोखंडी स्टँड करवून घेतला. आपण घेणार असाल तर दुकानदाराला संकोच न करता हे करून पाहावे. माहितीपत्रकात खांदेदुखीचा रकाना नसतो.

मधुमेहींना एक वेगळे सांगणे आहे. घरी आल्यावर मी नायलॉनचा बारीक तंतू अक्काच्या तळपायांना टेकवून पाहिला. दोन ठिकाणी तिला स्पर्श कळला नाही. स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही हा आपला संस्कार. पण तापलेल्या ट्रेखाली अनवाणी उभे राहणाऱ्या या पायांना चटका बसल्याचेही उशिरा कळले असते. आता तिची स्वयंपाकघरापुरती, बंद पुढ्याची वेगळी पादत्राणे आहेत. हाताला भाजलेच तर बांगड्या आणि अंगठी सुजेच्या आधी काढाव्यात, भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, शाई यांतले काहीही लावू नये. वीस मिनिटे फार वाटतात. घड्याळ लावून धरावीत.

उरला पिठाचा प्रश्न. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने व्यवसायांमुळे होणाऱ्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिला, त्यात भट्टीवाल्यांच्या छातीत जाणाऱ्या पिठाची आणि त्यांच्या खोकल्याची दखल आहे. म्हणून मी अक्काला बजावले, "पीठ चाळताना आणि ओव्हन चालू असताना दाजींच्या खोलीचे दार बंद ठेव." सल्ला शास्त्रशुद्ध होता. त्याच सल्ल्याने घात होता होता वाचला.

ओव्हन येऊन नऊ दिवस झाले होते. दुपारी तीनच्या सुमारास चारही ट्रे आत, शेजारी पीठ मळायचे यंत्र सुरू, दाजी खोलीत झोपलेले, दार बंद. दाजींना अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींनी गीझर लावला आणि वाळलेले कपडे आणायला त्या गच्चीवर गेल्या. अक्काचे घर जुने. स्वयंपाकघरातला जाड प्लग, न्हाणीघर आणि दाजींच्या खोलीतला प्लग हे तिन्ही एकाच सोळा अँपिअरच्या एमसीबीवर. ओव्हनचे बारा अँपिअर, गीझरचे जवळजवळ नऊ, वर कॉन्सन्ट्रेटर आणि मळणीयंत्र. काही मिनिटांतच एमसीबी पडला. पण दिवे आणि पंखे निराळ्या वायरवर होते, ते चालूच राहिले. अक्काला वाटले, नवा ओव्हन बिघडला. ती पुण्याच्या दुकानदाराला फोन लावून बसली. कॉन्सन्ट्रेटर वीज गेल्याचा इशारा देत होता, बंद दारामागे.

मावशी पंधरा-वीस मिनिटांनी खाली आल्या आणि त्यांनी दार उघडले. मी पोचलो तेव्हा अक्काने राखीव सिलिंडर जोडला होता, ते तिला मी शिकवले होते एवढेच माझे समाधान. दाजींचे ओठ निळसर होते आणि ते मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारत होते. ऑक्सिमीटरवर ७८. त्यांच्यासारख्या रुग्णाला ८८ ते ९२ पुरतो, त्याहून चढवण्याची घाईही करायची नसते. पाऊण तासाने ते ९० वर स्थिर झाले आणि त्यांनी चहा मागितला. अक्का स्वयंपाकघरात जाऊन कच्चीच राहिलेली बिस्किटे एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकत होती. "परत करू या तो ओव्हन," एवढेच ती म्हणाली.

ज्वाळेचा विचार मी केला, धुराचा केला, खांद्याचा, पायांचा केला. वीज घरात कुठून येते आणि कशाकशाला जाते, हे मात्र एकदाही विचारले नाही. दुकानदाराने प्लग सोळा अँपिअरचा हवा म्हटले आणि तेवढ्यावर मी निर्धास्त झालो.

ओव्हन परत गेला नाही. दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन आला. वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा एक आकडा असतो, तो त्याने प्रथम पाहिला. तो वाढवण्याचा अर्ज केला. ओव्हनसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी, अर्थिंगची तपासणी. कॉन्सन्ट्रेटरची लाइन अगदी वेगळी आणि तिला पुरेसा इन्व्हर्टर. अक्काला आजवर वाटे की घरातला इन्व्हर्टर तेही यंत्र चालवतो. तो फक्त दिवे-पंखे चालवत होता. या साऱ्याला ओव्हनच्या किमतीच्या चौथाईइतका खर्च आला. हा खर्च ओव्हनच्या किमतीतच धरायचा असतो. दाजींच्या उशाशी बिनतारी घंटेचे बटण आले आणि ती घंटा स्वयंपाकघरात बसवली. दाराची वरची फळी काढून तिथे काच लावली, म्हणजे पीठ अडेल आणि माणूस दिसेल.

घंटेचा वापर दाजींनी स्वतःच ठरवला. ओव्हनचा टायमर अक्काला पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून ते घड्याळ लावून बसतात आणि वेळ झाली की बटण दाबतात. परवा रविवारी मी गेलो तर घंटा वाजत होती आणि आतून अक्का ओरडत होती, "अहो, अजून दोन मिनिटे आहेत!" दाजींनी काचेतून तिच्याकडे पाहत पुन्हा बटण दाबले.